गाडी एमएच ०६ ची, बॅटरी चीनची: इलेक्ट्रिक कारच्या बाजारात नेमकं काय चाललंय?

पेण, रोहा किंवा अलिबागमध्ये कोणी नवी गाडी घेतली की तिच्या पाटीवर 'एमएच ०६' येतं. हा क्रमांक देणारं आरटीओ कार्यालय पेणमध्ये आहे. गेल्या काही वर्षांत या क्रमांकाच्या काही पाट्या पांढऱ्याऐवजी हिरव्या दिसू लागल्या आहेत. हिरवी पाटी म्हणजे विजेवर चालणारी गाडी. गाडी रायगडची, मालक रायगडचा, वीज महावितरणची. पण गाडीच्या तळाशी बसवलेली, किमतीचा मोठा वाटा असलेली बॅटरी कुठली, असं विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा एकच येतं. चीन.

मग गाडीवर टाटाचं नाव असो, महिंद्राचं असो, नाहीतर एमजीचं.

चीनमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांची विक्री एवढी कशी वाढली, ती लाट भारतात कोणत्या वाटेनं शिरली आणि पेण-रोह्यातल्या ग्राहकाला त्यातून काय मिळतं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात जून २०२० पासून करावी लागेल.

जून २०२०: एक करार, एक चकमक आणि गणपती

१५ जून २०२० रोजी महाराष्ट्र सरकारनं 'मॅग्नेटिक महाराष्ट्र २.०' अंतर्गत काही कंपन्यांशी सामंजस्य करार केले. त्यात ग्रेट वॉल मोटर्स ही चिनी कंपनी होती. जनरल मोटर्सनं भारतातली विक्री २०१७ मध्येच थांबवली होती. तिचा तळेगावचा कारखाना विकत घेऊन तिथं गाड्या बनवायच्या, असा ग्रेट वॉलचा बेत होता. गुंतवणूक होती सुमारे ३,७७० कोटींची. आणखी दोन चिनी प्रकल्प धरून हा आकडा ५,०२० कोटींवर जात होता.

त्याच रात्री लडाखच्या गलवान खोऱ्यात चकमक झाली आणि २० भारतीय जवान शहीद झाले. आठवडाभरात राज्यानं हे तिन्ही करार 'जैसे थे' ठेवल्याचं जाहीर केलं. गणपतीच्या मूर्तीसुद्धा चीनमधून का आणायच्या, असा सवाल केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी त्याच आठवड्यात केला. ज्या पेणमधून गणेशमूर्ती देशभर आणि परदेशात जातात, तिथं हा प्रश्न आधीपासूनच घरातला होता. महिनाअखेरीस टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी आली.

ग्रेट वॉलनं दोन वर्षं वाट पाहिली. एप्रिल २०२० मध्येच केंद्रानं नियम केला होता की, भारताला लागून असलेल्या देशातून गुंतवणूक यायची तर सरकारची परवानगी हवी. ती परवानगी आली नाही. २०२२ च्या मध्यावर कराराची मुदत संपली. तळेगावच्या कामगारांची नोकरी दरम्यान गेली होती आणि लढाई कोर्टात पोचली होती. पुढे २०२३ मध्ये तो कारखाना ह्युंदाईनं घेतला.

चिनी गाडीची वाट इथं बंद झाली, असं तेव्हा वाटलं. प्रत्यक्षात एक दार बंद झालं आणि दुसऱ्या दारानं ती आतही आली. हे दुसरं दार पेण तालुक्याच्या बरंच जवळचं आहे.

डोलवीचा पोलाद कारखाना आणि शांघायची कंपनी

मुंबई-गोवा महामार्गावर पेण सोडलं की वडखळच्या अलीकडे-पलीकडे डोलवीच्या कारखान्याच्या चिमण्या दिसतात. मूळचा हा इस्पात इंडस्ट्रीजचा प्रकल्प. २०१० च्या अखेरीस तो जेएसडब्ल्यूनं ताब्यात घेतला. आज त्याची क्षमता वर्षाला १ कोटी टन पोलादाची आहे. अंबा नदीच्या खाडीवरच्या धरमतर बंदरातून कच्चा माल येतो. पेण तालुक्यातल्या अनेक घरांचं पोट या कारखान्यावर किंवा त्याच्या ट्रकांवर चालतं आणि तालुक्यातल्या तक्रारींची यादीही त्याच्याशिवाय पूर्ण होत नाही.

याच जेएसडब्ल्यू समूहानं नोव्हेंबर २०२३ मध्ये शांघायच्या सॅक या कंपनीशी भागीदारी जाहीर केली. सॅक ही शांघायच्या स्थानिक सरकारच्या मालकीची मोटार कंपनी. भारतात ती 'एमजी' या नावानं २०१९ पासून गाड्या विकते. एमजी हे नाव मूळचं ब्रिटिश, ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसचं. २००५ मध्ये ती ब्रिटिश कंपनी बुडाली आणि नाव फिरत फिरत सॅककडे आलं. म्हणजे जाहिरातीत लंडन दिसतं, मालक शांघायचा आहे आणि कारखाना गुजरातमधल्या हालोलचा. हाही जनरल मोटर्सकडूनच घेतलेला.

सीमेवरच्या तणावानंतर सॅकला भारतात नवा पैसा आणणं अवघड झालं होतं. वाढ तर हवी, पण पैसा चीनमधून येऊ शकत नाही, अशी कोंडी होती. उपाय निघाला तो असा: जेएसडब्ल्यूनं ३५ टक्के हिस्सा घ्यायचा, काही हिस्सा भारतीय वित्तसंस्था, विक्रेते आणि कर्मचाऱ्यांना जायचा आणि सॅकचा वाटा ४९ टक्क्यांवर आणायचा. अशा रीतीनं कंपनी कागदोपत्री बहुसंख्य भारतीय झाली. तंत्रज्ञान मात्र जिथून यायचं तिथूनच येत राहिलं.

याचा अर्थ डोलवीचं पोलाद एमजीच्या गाडीत जातं असा नाही. पण ही तुलना बघण्यासारखी आहे. एका सरासरी गाडीत साधारण ९०० किलो पोलाद लागतं, असं जागतिक पोलाद संघटना सांगते. इलेक्ट्रिक गाडीत किमतीचा सगळ्यात मोठा तुकडा मात्र पोलादाचा नसतो, बॅटरीचा असतो. वजनात पोलाद पुढे, पैशात बॅटरी पुढे. पोलाद पेण तालुक्यात बनतं. बॅटरीच्या आतले सेल भारतात अजून मोठ्या प्रमाणावर बनत नाहीत.

आधी चीनमध्ये काय झालं?

मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. त्या वर्षी चीनमध्ये इलेक्ट्रिक आणि प्लग-इन हायब्रिड मिळून सुमारे ८ हजार गाड्या विकल्या गेल्या होत्या. २०२० मध्ये हा आकडा जवळपास १३ लाख ७० हजार झाला. २०२२ मध्ये ६९ लाखांच्या आसपास, २०२३ मध्ये ९५ लाख आणि २०२४ मध्ये १ कोटी २८ लाखांहून अधिक. यात निर्यातही धरली आहे. भारतात २०२४ मध्ये सगळ्या इंधनांच्या मिळून साधारण ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. म्हणजे आपल्या पूर्ण बाजाराच्या तिप्पट गाड्या चीन फक्त या एका प्रकारात विकतो. (महामार्ग त्याच काळात कुठवर आला, हे पेणकरांना सांगायची गरज नाही.)

जुलै २०२४ मध्ये चीनच्या किरकोळ बाजारात पहिल्यांदा महिन्याच्या विक्रीतल्या निम्म्याहून अधिक गाड्या या प्रकारच्या होत्या.

हे 'चिनी सरकारनं पैसा ओतला' एवढ्यावर उरकता येत नाही, जरी पैसा भरपूर ओतला गेला हे खरं आहे. २००९ मध्ये 'दहा शहरं, हजार गाड्या' ही योजना आली. सुरुवातीला बस आणि टॅक्सी, मग खासगी गाड्या. गाडी घेणाऱ्याला थेट अनुदान मिळायचं आणि ते २०२२ च्या अखेरपर्यंत टप्प्याटप्प्यानं कमी करत बंद केलं. खरेदीवरचा कर माफ होताच. पण मोठ्या शहरांत त्याहून प्रभावी ठरली ती नंबरप्लेट. शांघायमध्ये पेट्रोल गाडीची पाटी लिलावात घ्यावी लागते आणि तिची किंमत ९० हजार युआनच्या घरात, म्हणजे दहा लाख रुपयांच्या आसपास जात असे. बीजिंगमध्ये सोडत निघते आणि नंबर लागेल याची खात्री नाही. इलेक्ट्रिक गाडी घेतली तर शांघायमध्ये पाटी फुकट. तिथंही ती हिरवीच असते.

दुसरी गोष्ट बॅटरीची. बीवायडी ही कंपनी वांग च्वानफू यांनी १९९५ मध्ये शेन्झेनला सुरू केली ती मोबाईल फोनच्या बॅटरी बनवण्यासाठी. २००३ मध्ये तिनं एक लहान मोटार कारखाना विकत घेतला. बॅटरीवाला गाडीत शिरला, गाडीवाला बॅटरीत नाही. हा फरक पुढे फार मोठा ठरला. निकेल-कोबाल्टच्या महाग बॅटरीऐवजी लोह आणि फॉस्फेटची स्वस्त, टिकाऊ आणि आगीचा धोका कमी असलेली बॅटरी चिनी कंपन्यांनी लावून धरली. एका भारात अंतर थोडं कमी मिळतं, म्हणून बाकी जगानं ती बाजूला ठेवली होती. २०११ मध्ये सुरू झालेली सीएटीएल आज जगातल्या गाड्यांच्या बॅटरीपैकी एकतृतीयांशाहून अधिक पुरवते. २०२४ मध्ये बॅटरीची जगातली सरासरी किंमत किलोवॉट-तासाला ११५ डॉलर होती, चीनमध्ये ९४ डॉलर. २०१० च्या सुमाराला हीच किंमत हजार डॉलरच्या वर होती.

ल्योजो: चीनचं एक पोलादाचं गाव

बीजिंग-शांघायच्या गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. पेण-रोह्यासाठी जवळची गोष्ट आहे दक्षिण चीनमधल्या ल्योजो शहराची. ल्योजोची ओळख जुनी पोलाद आणि यंत्रांची. राजधानीसारखी श्रीमंती तिथं नाही. तिथं सॅक, जनरल मोटर्स आणि वूलिंग यांची एकत्रित कंपनी आहे. जुलै २०२० मध्ये, गलवाननंतर सव्वा महिन्यानं, तिनं 'होंगग्वांग मिनी' नावाची चिमुकली इलेक्ट्रिक गाडी आणली. किंमत २८,८०० युआनपासून, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं तीन लाख रुपयांच्या थोडं वर. एअरबॅग नाही, सुरुवातीच्या मॉडेलला एसी नाही, एका भारात साधारण १२० किलोमीटर. महामार्गावर न्यायची गाडीच नव्हती ती. मुलं शाळेत सोडायची, बाजारहाट करायचा, कामावर जायचं, रात्री घरच्या प्लगला लावायची. स्कूटर आणि मोठी गाडी यांच्यामधली जागा तिनं भरली.

शहराच्या प्रशासनानं लहान गाड्यांना पार्किंगच्या जागा काढून दिल्या, रस्त्याकडेला साधे प्लग बसवले, लोकांना गाडी चालवून बघायला दिली. मागणी आपोआप उगवली नाही. ती अशी बारीक सोयींनी उगवली. काही महिन्यांतच ही गाडी चीनमधली सर्वाधिक विकली जाणारी इलेक्ट्रिक गाडी झाली. केंद्र सरकारनंही २०२० पासून इलेक्ट्रिक गाड्या लहान गावांत आणि ग्रामीण भागात नेण्याची मोहीम काढली.

भारतात २०२३ मध्ये आलेली एमजी कॉमेट याच वूलिंगच्या घराण्यातली. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आलेली एमजी विंडसरही वूलिंगच्याच एका गाडीवर बेतलेली आहे.

विंडसरचा हिशेब

विंडसरनं भारताचा बाजार हलवला, हे मान्य करायला हवं. २०२३ पर्यंत देशातल्या दहा इलेक्ट्रिक गाड्यांपैकी सात टाटांच्या असत. विंडसर आल्यानंतर काही महिन्यांतच ती देशात सर्वाधिक विकली जाणारी इलेक्ट्रिक कार ठरली आणि २०२५ मध्ये टाटांचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास उतरला. एकूण बाजारही वाढला. २०२४ मध्ये देशभरात सुमारे १ लाख इलेक्ट्रिक कार विकल्या गेल्या होत्या, २०२५ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात. तरीही शंभर गाड्यांमागे त्या चारच आहेत.

विंडसरची जाहिरात होती ९ लाख ९९ हजारांची. पण ही किंमत बॅटरी वगळून होती. बॅटरीसाठी किलोमीटरमागे साडेतीन रुपये भाडं. बॅटरीसकट घ्यायची तर १३ लाख ५० हजारांपासून पुढे. फरक साडेतीन लाखांचा. आता ३८ किलोवॉट-तासाची बॅटरी आणि ११५ डॉलरचा जागतिक भाव यांचा गुणाकार केला तर त्या वेळच्या दरानं साडेतीन लाखांच्या थोडं वर येतं. म्हणजे कंपनीनं बॅटरीची किंमत बाजूला काढून तीच हप्त्यानं मागितली. साडेतीन लाख भागिले साडेतीन रुपये म्हणजे बरोबर एक लाख किलोमीटर. तेवढी गाडी चालली की बॅटरीचे पैसे फिटतात. त्यापुढे भाडं चालू ठेवणं म्हणजे जास्तीचे पैसे. शिवाय भाड्याच्या योजनेत महिन्याला किमान किलोमीटरची अट असते. गाडी दारात उभी राहिली तरी तेवढं द्यावंच लागतं. जाहिरातीत हे बारीक अक्षरात असतं.

पेण आणि रोहा: दोन घरं, दोन उत्तरं

समजा, पेणमधलं एक कुटुंब आठवड्यातून एकदा अटल सेतूवरून मुंबईला जाऊन येतं. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर धरू. लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी असेल तर १० लिटर म्हणजे हजार रुपयांच्या थोडं वर. अटल सेतूचा टोल एका बाजूनं २५० रुपये. इलेक्ट्रिक गाडी एका युनिटला साडेसहा किलोमीटर जाते असं धरलं तर २३ युनिट लागतील. घरच्या विजेला युनिटमागे १२ रुपये पडले तरी २७६ रुपये. आणि अटल सेतूवर २२ ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणात ही सवलत आहे. एका फेरीत हजाराहून जास्त वाचतात, वर्षाला पन्नास हजारांहून अधिक. या घरासाठी गणित स्पष्ट आहे.

आता रोह्यातलं घर घ्या. घर ते धाटावची एमआयडीसी, अधूनमधून बाजार. महिन्याला ३०० किलोमीटर. पेट्रोल २० लिटर, म्हणजे दोन हजारांच्या आसपास. वीज ४६ युनिट, साडेपाचशे रुपये. बचत दीड हजार. वर्षाला १८ हजार. इलेक्ट्रिक गाडीसाठी सवलती वजा करून दोन लाख जास्त मोजले असतील तर ते फिटायला अकरा वर्षं लागतील. बॅटरीची हमी भारतात बहुधा आठ वर्षांची असते. आणि या घरानं बॅटरी भाड्यानं घेतली असेल तर किमान किलोमीटरच्या अटीमुळे हिशेब आणखी उलटा पडेल.

ज्यांची गाडी कमी पळते त्यांना ती पेट्रोलचीच स्वस्त पडते, ही गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत नाही. त्यातून २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवरचा ५ टक्के तसाच राहिला. अंतर कमी झालं. राज्याचा रस्ता कर मात्र इलेक्ट्रिक गाडीला माफ आहे आणि १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला तो १२ टक्के पडतो, हे लक्षात ठेवण्यासारखं.

शहरापेक्षा पेण-रोह्याला एक गोष्ट सोपी जाते. मुंबई-ठाण्यात सोसायटीची परवानगी, पार्किंगची जागा, मीटरपासून गाडीपर्यंतची वायर यावर लोकांच्या चपला झिजतात. इथं अनेकांना स्वतःचं अंगण आहे. साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर विंडसरसारखी गाडी पूर्ण भरायला १३-१४ तास लागतात, ७.४ किलोवॉटचा चार्जर बसवला तर साडेसहा-सात तास. पण त्याआधी वीजबिलावरचा 'मंजूर भार' बघायला हवा. जुन्या घरांचा तो एक-दोन किलोवॉटच असतो. भार वाढवून घेणं, अर्थिंग तपासणं, चार्जरची लाइन वेगळी टाकणं, ही कामं गाडी येण्याआधीची. पावसाळ्यात ओल्या भिंतीवरच्या सैल प्लगला रात्रभर गाडी लावणं म्हणजे घर पेटवायला निमंत्रण. आणखी एक: घरगुती विजेचा दर १०० आणि ३०० युनिटच्या टप्प्यांवर चढतो. गाडीमुळे बिल वरच्या टप्प्यात गेलं तर वाढीव युनिट महाग पडतात. वेगळ्या मीटरबद्दल महावितरणच्या कार्यालयात आधी विचारलेलं बरं.

आणि कोकणचे स्वतःचे प्रश्न आहेतच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दक्षिण रायगडात अनेक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. बॅटरी गाडीच्या तळाशी असते, त्यामुळे खड्ड्यात खालून बसणारा फटका आणि साचलेल्या पाण्यातून जाणं, दोन्ही जपून. बॅटरी पाण्यापासून बंदिस्त असते हे खरं, पण ती तात्पुरत्या पाण्यासाठी. रात्रभर पुरात उभ्या राहिलेल्या गाडीला चार्जर लावायचा नाही, आधी सर्व्हिस सेंटरला कळवायचं.

मग 'चिनी गाडी' स्वस्त का मिळत नाही?

बीवायडीची सीगल चीनमध्ये २०२५ च्या मे महिन्यात ५५,८०० युआनला, म्हणजे साडेसहा-सात लाख रुपयांना मिळू लागली. भारतात बीवायडीची ॲटो ३ मात्र पंचवीस लाखांच्या आसपास सुरू होते. कारण आयात शुल्क. पूर्ण तयार गाडी बाहेरून आणली तर ७० टक्के आणि महागड्या गाड्यांना त्याहून जास्त शुल्क पडतं. भारतात कारखाना काढावा तर २०२३ मध्ये बीवायडी आणि हैदराबादच्या मेघा इंजिनिअरिंगचा १ अब्ज डॉलरचा प्रस्ताव केंद्रानं नाकारला. केंद्रानं मार्च २०२४ मध्ये १५ टक्के शुल्काची योजना आणली, पण ती किमान ३५ हजार डॉलरच्या गाड्यांना आणि ४,१५० कोटींच्या गुंतवणुकीच्या अटीवर.

सीगलची ती किंमतही निरोगी बाजाराची खूण नाही. चीनमध्ये कारखाने गरजेपेक्षा जास्त झाले आहेत आणि कंपन्या एकमेकांचा गळा कापत किमती पाडत आहेत. पुरवठादारांचे पैसे महिनोन्महिने थकवले जात होते. चिनी सरकारनंच दटावल्यावर जून २०२५ मध्ये मोठ्या कंपन्यांनी ६० दिवसांत पैसे देण्याचं कबूल केलं. घरी खपत नाही तो माल बाहेर जातो. २०२३ मध्ये चीन जपानला मागे टाकून जगातला सर्वात मोठा मोटार निर्यातदार झाला. अमेरिकेनं १०० टक्के शुल्क लावलं, तर युरोपनं २०२४ मध्ये नेहमीच्या १० टक्क्यांवर बीवायडीला १७ आणि सॅकला ३५.३ टक्के जादा. भारतानं शुल्काची भिंत उभी ठेवली, ती एका अर्थी चाकण-तळेगावच्या नोकऱ्यांची भिंत आहे. तिची किंमत ग्राहक देतो, हेही तितकंच खरं.

भिंतीला दार मात्र आहे आणि ते बॅटरीच्या मापाचं आहे. महिंद्राच्या चाकणला बनणाऱ्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई मध्ये सेल बीवायडीचे आहेत. टाटा ऑटोकॉम्पची पुण्यातली बॅटरी कंपनी चीनच्या गोशन या कंपनीच्या भागीदारीतली. एसटी महामंडळानं ज्या कंपनीला ५,१५० इलेक्ट्रिक बसचं कंत्राट दिलं, त्या बस बनवणाऱ्या ऑलेक्ट्राचं तंत्रज्ञानही बीवायडीकडून आलेलं. बस वेळेत मिळाल्या नाहीत म्हणून २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी ते कंत्राट रद्द करण्याची भाषा केली, तो भाग वेगळा.

चावी कोणाच्या हातात?

एप्रिल २०२५ मध्ये चीननं दुर्मीळ मूलद्रव्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं. ही चुंबकं इलेक्ट्रिक मोटारीत लागतात. अमेरिकेशी चाललेल्या भांडणातून आलेला हा नियम होता, पण झळ पुण्यापर्यंत पोचली. चुंबकं मिळाली नाहीत तर चेतक स्कूटरचं उत्पादन थांबेल, असं बजाज ऑटोनं जाहीरपणे सांगितलं आणि उत्पादनात कपात केलीही. जुलैमध्ये चीननं लोह-फॉस्फेट बॅटरीचं पदार्थ-तंत्रज्ञान बाहेर द्यायला परवाना सक्तीचा केला. भारतात सेल बनवू पाहणाऱ्यांना यंत्रं मिळतील, पण रीत मिळणार नाही, असा त्याचा अर्थ निघू शकतो.

जेएसडब्ल्यूची छत्रपती संभाजीनगरजवळ स्वतःच्या नावानं इलेक्ट्रिक गाड्या बनवण्याची योजना आहे आणि तिथंही चिनी कंपन्यांकडून तंत्रज्ञान घेण्याच्या बातम्या येत आहेत. गाडीवरचं नाव पूर्ण भारतीय असेल. सेलचं काय, हा प्रश्न तिथंही तोच राहतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये चीननं आणखी एक यादी काढली. यावेळी लिथियम बॅटरी आणि तिला लागणारं कृत्रिम ग्रॅफाइट निर्यात-परवान्याखाली येणार होतं. अमेरिकेशी समझोता झाल्यावर नोव्हेंबरमध्ये हा नियम वर्षभरासाठी स्थगित केला गेला. भारताला त्यात कोणी विचारलं नव्हतं. स्थगितीची मुदत १० नोव्हेंबर २०२६ पर्यंत आहे.